साम्बा शेअरला प्रत्येकाचं वेगळं अकाऊंट हवंच का? मला तरी नाही वाटत

उघडदार:
लिनक्स सर्व्हरवर साम्बा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून उघडून देणारा प्रोग्राम, समोर सात-आठ विंडोज मशीन आणि दोन लिनक्स लॅपटॉप. एवढ्याशा पसाऱ्याला दर माणशी युजर बनवा, लिनक्सचा पासवर्ड चालत नाही म्हणून साम्बाचा परत वेगळा टाका, ग्रुपात घाला, कशाला हे सगळं? मी सरळ 'गेस्ट ओके' केलंय, म्हणजे पासवर्डशिवाय कोणीही आत, आणि फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, विषय संपला. दोन वर्षांत 'फाईल उघडत नाही' म्हणून एकजण माझ्याकडे आला नाही.

वैतागलेलाअॅडमिन:
नाही आला कारण अजून कोणी काही उडवलं नाहीये. आमच्याकडे एकदा अख्खं फोल्डर गेलं, साम्बाचं फुल ऑडिट, म्हणजे कोणी काय केलं त्याची नोंद, लावलेलं होतं म्हणून लॉग उघडून बसलो तर फाईलींचा मालक 'नोबडी', म्हणजे गेस्टला मिळणारं निनावी अकाऊंट, आणि उडवणारा पण नोबडी. आयपीवरून मशीन कळलं, पण त्यावर तिघं बसतात, आता विचारा कोणाला.

निळीखिडकी:
तत्त्वाचं राहू द्या, विंडोजच आता गेस्टला दारात उभं करत नाही. विंडोज १० च्या १७०९ पासून एंटरप्राइज आणि एज्युकेशनला ते बाय डिफॉल्ट बंद, ११ च्या २४एच२ पासून प्रोला पण, शिवाय साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर सही, सक्तीचं झालंय जे गेस्ट सेशनला जमतच नाही. नवीन लॅपटॉप आला की तुझी दोन वर्षं संपली. मग रजिस्ट्रीत जाऊन अशी सेटिंग चालू करत बसशील जिच्या नावातच 'इनसिक्युअर' लिहिलंय.

उघडदार:
बरं गेस्ट सोडला. मग सगळ्यांना मिळून एकच अकाऊंट, पासवर्डसकट, आता बोला. वेगळे युजर केले की रडारड ठरलेली, एकाने बनवलेली फाईल दुसऱ्याला रीड ओन्ली. भोगलंय मी हे.

मास्क०६६०:
ती रडारड युजरमुळे नाही रे, साम्बाचा डिफॉल्ट क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फाईलीवर जास्तीत जास्त किती हक्क राहतील ते ठरवणारा आकडा, ०७४४ आहे, त्यात ग्रुपचा लिहायचा हक्क कापला जातो. फोल्डरला २७७० दे, म्हणजे मालक आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काही नाही, तो पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, आत बनणारं सगळं त्याच ग्रुपचं होतं, आणि शेअरमध्ये क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०. आता गंमत अशी की लिनक्सवाले एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, थेट सर्व्हरवर लिहितात तेव्हा साम्बाचा मास्क त्यांना लागूच होत नाही, त्यांचा स्वतःचा युमास्क, म्हणजे लिनक्सची हक्क कापणारी सेटिंग, लागतो, बहुतेकदा ०२२, त्यात ग्रुपचं लिहिणं कापलं जातं, म्हणून फोल्डरवर सेटएफएसीएल या कमांडने डिफॉल्ट एसीएल, म्हणजे आत बनणाऱ्या फाईलींना आपोआप लागणारे हक्क, लावायचं. लोक हे विसरतात आणि साम्बाला शिव्या घालतात. उलटंही होतं, साम्बाच्या राइट लिस्टमध्ये, म्हणजे लिहू शकणाऱ्यांच्या यादीत, नाव घातलं म्हणून खूश, पण खाली फाईलसिस्टम नाही म्हणाली तर नाहीच.

कीबोर्डतुटका:
मी अर्धा उघडदारच्या बाजूने. वेगळी अकाऊंटं कागदावर छान दिसतात. प्रत्यक्षात विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडू देत नाही, एरर १२१९ तोंडावर येते, विंडोजच्या पासवर्ड साठवणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये कोणाचातरी जुना पासवर्ड अडकलेला असतो, आणि मग घाईत माणूस शेजारच्याच्या नावानेच काम उरकतो. लॉगमध्ये नाव येतं, पण दुसऱ्याचंच. नोबडी निदान कोणावर आळ तरी घेत नाही!

वैतागलेलाअॅडमिन:
हा मुद्दा खराय, मान्य. पण कॉमन पासवर्डचं काय करणार? एकजण सोडून गेला की सगळ्या मशीनवर बदलत फिरा. कोणी फिरत नाही, मीही नव्हतो फिरलो. वेगळं अकाऊंट असेल तर एक कमांड, एसएमबीपासडब्ल्यूडी, मायनस डी, नाव, झालं बंद.

मास्क०६६०:
आणि १२१९ टाळायची साधी युक्ती, विंडोजला जे लॉगिन नाव आणि पासवर्ड तेच साम्बात ठेव. विंडोज आपणहून तेच पाठवतं, पासवर्डची खिडकीच येत नाही, मग शेजारच्याचा मागायची वेळ कशाला येतेय.

निळीखिडकी:
लोकल अकाऊंट असेल तर. मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन असेल तर नाव म्हणून ईमेल जातो, तो साम्बाच्या युजरनेम मॅपच्या फाईलीत साम्बातल्या नावाशी जोडून द्यावा लागतो, आणि पिन वापरून वापरून खरा पासवर्ड लोक कधीच विसरलेले असतात.

उघडदार:
आमच्याकडे सहाजण ईमेलवाले आणि सगळे पिनवाले. धन्य. आज फक्त हिशोबाच्या फोल्डरला २७७० आणि दोन वेगळे युजर करून बघतो. बाकीचं ७७७ तूर्तास तसंच राहील, त्यावर मला कोणी बोलायचं नाही.