ते केळं आता पुरे करा!

उंबरठा:
"केळ्यातही रेडिएशन असतं, मग किरणोत्साराला काय घाबरायचं?" हा मजकूर कालपासून चौथ्यांदा आला. पाठवणारे सगळे शिकलेसवरलेले! अहो, केळ्यात किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतं हे खरं, पण शरीर पोटॅशियमचा साठा वाढू देत नाही, जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. सीझियम-१३७ला हा नियम कुठला? १९८७ साली ब्राझीलमध्ये, गोयानियात, बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात फोडलं. आतली निळी चमकणारी सीझियमची पूड लोकांनी अंगाला चोळली, घरी नेली. ४ माणसं गेली, त्यात ६ वर्षांची एक मुलगी. तिच्या घरच्यांना केळ्याचा हिशेब सांगा.

खडूस:
गोयानिया आलं, आता चेर्नोबिल येईलच. जगात माणशी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप) दरवर्षी निसर्गातूनच मिळतात, त्यातले निम्मे जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूचे. केरळात करुनागपल्लीला किरणोत्सारी थोरियमच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहताहेत. जवळजवळ ७० हजार लोकांची पाहणी २००९ साली छापून आली, कॅन्सर जास्त आढळला नाही.

निळी शाई:
निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी? फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत सिगारेटच्या पाठोपाठ रेडॉनच आहे. पण माझा राग वेगळाच, एक्स-रेने होणाऱ्या सीटी स्कॅनवरचा. वडिलांच्या पोटाचं सीटी ३ आठवड्यांत ३ वेळा! पहिल्या सीटीची सीडी दुसऱ्या ठिकाणी उघडेना, तिसऱ्या ठिकाणचे म्हणाले, "आमच्याकडचंच लागतं." एकेका वेळेला ८-१० मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गाची चार वर्षं एका दुपारी.

खडूस:
वडिलांचं वय काय? सत्तरीत काय फरक पडतो?

निळी शाई:
स्वतःच्या वडिलांबद्दल असं लिहाल?

शिशाचा एप्रन:
१५ वर्षं सीटीवर काम करतोय. छातीवरचा, अंगाला लागलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज नेमाने तपासणीला जातो, आकडा जेमतेम, कारण आम्ही काचेपलीकडे. गंमत म्हणजे लोक रेडिएशनच्या भीतीने एमआरआयच्या दारात अडतात. तिथे एक्स-रे नसतातच, सांभाळायचं ते खिशातलं लोखंड. आणि "एकदा सीटी करूनच टाका" म्हणून मागे लागणारे बरेचदा नातेवाईकच असतात.

निळी शाई:
म्हणजे चूक आमचीच. वा!

शिशाचा एप्रन:
सीडी उघडली नाही ही चूक आमच्या जमातीची. पहिल्या ठिकाणाहून फाइल मागवायची होती. झालं समाधान?

निळी शाई:
नाही. पण कबूल केलंत, हेही नसे थोडके.

खडूस:
वयाचं बोललो ते चुकलं. माझ्या आईला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलं होतं. वेगळ्या खोलीत ठेवलं, आम्ही दारातूनच बोलायचो. घरी आल्यावरही काही दिवस नातू धावत यायचा आणि ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. त्याच किरणांनी ती वाचली. म्हणून सरसकट शिव्या घातल्या की डोकं फिरतं.

उंबरठा:
हे आधी लिहायचंत ना! उपचारांच्या विरोधात मी अवाक्षर तरी काढलं का? मी केळ्याच्या विरोधात आहे.

खडूस:
बरं, केळं मागे घेतलं. करुनागपल्ली घेणार नाही.