शाळेतला १ जून खरा, की हाडांचे वय?

निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका:
जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना जनरल रजिस्टरात १ जून लिहायची रीत मी स्वतः पाळली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ९४ मात्र वय ठरवताना आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला मानते, तो नसल्यास पंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच क्ष-किरणाने हाडांची तपासणी. माझ्या अंदाजावर एखाद्या मुलाचे सज्ञान असणे ठरावे, हे मला सहन होत नाही. तपासणी आधी व्हावी.

डॉक्टर, बेळगाव:
सर, आपली तळमळ समजते, पण हाड तारीख सांगत नाही. वाढत्या हाडाचे टोक मधल्या दांड्यापासून कूर्चेने वेगळे असते आणि ती कूर्चा हाडात रूपांतरित झाली की टोक सांधते: कोपर आधी, मग मनगट, त्यानंतर कमरेच्या हाडाची वरची कड, तर गळ्याजवळच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक विशी ओलांडल्यावर. मुलींत हे सांधणे मुलांपेक्षा लवकर होते, आणि कुपोषणाने ते लांबते, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडणारे, अर्धपोटी वाढलेले पोर क्ष-किरणात आहे त्याहून लहान दिसू शकते. ज्या ग्रूलिक-पाइल चित्रसंग्रहाशी हाताचे क्ष-किरण ताडून पाहतात, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतील मुलांवरून तयार झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयमाला प्रकरणातच दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक गृहीत धरला. अहवालात अठरा आले, तर खरे वय सोळाही असू शकते आणि वीसही.

वकील, निपाणी:
डॉक्टरसाहेब, अहवाल आपली चूक कबूल तरी करतो. सरांचा १ जून ती करत नाही, आणि अंदाजाने लिहिलेली तारीख न्यायालयात नेमकी म्हणून उभी राहते, यालाच माझा विरोध आहे. मी सरांच्या बाजूचा आहे.

सामाजिक कार्यकर्ती, चिकोडी:
वकीलसाहेब, मुलगी पीडित असते तेव्हा काय होते, तेही पाहा. हिमाचलमधल्या रजक मोहम्मद प्रकरणात २०१८ मध्ये शाळेची नोंद विश्वासार्ह ठरली नाही, क्ष-किरणांनी वय १७ ते १८ दाखवले, आणि मुलगी सज्ञान असू शकते असे धरून फरकाचा फायदा आरोपीला मिळाला व तो सुटला. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाला वाचवणारी तीच दोन वर्षे इथे मुलीच्या विरोधात गेली. बालविवाहाच्या प्रकरणात हा मार्ग खुला केला, तर घरचे लोक आधी दाखलाच गहाळ करतील.

निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका:
ताई, हा धोका माझ्या लक्षात आला नव्हता. पीडित मुलीपुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. आरोपी मुलाबाबत मात्र, रजिस्टरात अंदाजाची तारीख असल्याची साक्ष शिक्षकाने दिली, तर हाडे तपासावीत, या मतावर मी कायम आहे, आणि माझ्या वर्गांपुरती ती साक्ष द्यायला मी येईन.