जुन्या टाटाला 6बीटी बसवण्याआधी क्राउन बघा

जुन्या टाटा ट्रकचं 697 इंजिन काढून कमिन्सचं 6बीटी टाकलं की ॲव्हरेज वाढेल, असं एक मत आहे, ते अर्धंच बरोबर आहे. 6बीटी 5.9 लिटरचं, टर्बोवालं. त्याचा टॉर्क साधारण 1500 आरपीएमलाच भरपूर मिळतो. पण तेच इंजिन कायम 2100 वर पळवलं तर डिझेल वाचणार कुठून?

हिशेब करून बघा. 10.00-20 चा टायर एका फेरीत अंदाजे 3.2 मीटर जातो, म्हणजे ताशी 60 ला मिनिटाला 312 फेऱ्या. डायरेक्ट टॉप (टॉप गीअरला बॉक्स इंजिनाइतकाच फिरतो) आणि 6/41 चा क्राउन (मागच्या एक्सलमधली गीअरची जोडी; पिनियनला 6 दात, क्राउनला 41) असेल तर इंजिन 2130 च्या आसपास फिरतं, 7/41 ला 1830 वर येतं. सपाटीवर हा फरक लगेच जाणवतो. मात्र खंबाटकी घाटात भरलेली गाडी 7/41 वर उचलताना क्लच जास्त घसरतो, प्लेट लवकर जाते. त्यामुळे घाटातल्या गाडीला क्राउन तोच ठेवून सहा गीअरचा ओव्हरड्राइव्ह (टॉपला त्याच वेगात इंजिन कमी फिरवणारा) बॉक्सच बसवावा, असं माझं ठाम मत आहे. बॉक्सची लांबी वेगळी निघाली तर जॉइंट (गीअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता शाफ्ट) कापून बॅलन्सिंग करून घ्याच, नाहीतर त्याला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंग टिकत नाही.

इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या, नाहीतर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

आणि खर्चात पडण्याआधी डिझेलचा पंप-नोझल तपासून, ब्रेक चिकटत नाहीत ना हे बघून, टाकी फुल करून एकदा ॲव्हरेज मोजा.