सणाच्या सवलतींपासून लहान दुकान दूर कसे ठेवावे?

प्रश्न : अमळनेरला आमचे हातमागाच्या कापडाचे लहान दुकान आहे. विणकरांची मजुरी आधीच ठरलेली असते, म्हणून आम्ही वर्षभर एकच भाव ठेवतो. मात्र आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दिवाळी जवळ आली, की गिऱ्हाईक पायरीवरूनच ‘सेल कधी?’ असे विचारून माघारी फिरते. भाव आधी चढवून मग उतरवणे मला पटत नाही, पण भाडे तर दर महिन्याला द्यावेच लागते.

उत्तर १ : भावाचा हिशेब गिऱ्हाइकापुढे ठेवा. मी प्रत्येक पंचाला चिठ्ठी बांधते आणि तीवर सूत, रंगाई, विणाई व दुकानाचा हिस्सा वेगवेगळा लिहिते. परवा एका आजींनी चिठ्ठी नातवाकडून वाचून घेतली, काठ बोटांत चोळून पाहिला आणि घासाघीस न करता पंचा घेतला.

उत्तर २ : सणालाच विरोध करू नका. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला साडी नेसवणे ही आपल्या खान्देशातली मायेची रीत आहे. पण आखाजीनंतर लगेच कपाशीच्या बियाण्यांचा खर्च शेतकऱ्यापुढे उभा असतो, आणि अशा वेळी ‘दोनवर एक मोफत’ म्हणत नको असलेली तिसरी साडी त्याच्या गळ्यात मारणे मला सरळ अन्याय वाटतो. एकच चांगली साडी दाखवा. रफू आणि फॉल-पिको दुकानातच करून द्या, म्हणजे भाड्यालाही थोडा हातभार लागेल.

उत्तर ३ : दुसऱ्या उत्तराशी सहमत आहे. उरलेला माल सण संपल्यावर, विणकराच्या मजुरीला हात न लावता, खरेदीच्या भावात काढावा.