सर्व्हिस सेंटरने एक आकडा चुकीचा टाकला आणि वडिलांची गाडी ‘मीटर फिरवलेली’ ठरली. हे रिपोर्ट मानायचे का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
वडील निवृत्त शिक्षक. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९ पासिंग, पहिल्यापासून एकाच हातात. जोतिबा, नृसिंहवाडी आणि महिन्यातून एकदा गारगोटीला आत्याकडे, एवढाच तिचा प्रवास. मीटर ५८,३१०. वडिलांचे गुडघे आता क्लचला साथ देत नाहीत, म्हणून ऑटोमॅटिक घ्यायची आणि ही एक्स्चेंजला द्यायची असं ठरलं.

शोरूमच्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून लावलं आणि मोबाईलवर नंबर टाकून गाडीच्या जुन्या नोंदींचा रिपोर्ट काढला. त्यात लाल अक्षरात लिहिलेलं, ‘मीटरमध्ये तफावत, रीडिंग मागे घेतल्याची शक्यता.’ आधी तोंडी ३ लाख ४० हजार म्हणाले होते, ते थेट २ लाख ६५ हजारांवर आले. पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट मला जास्त लागली. वडील समोर बसले होते, आणि तो पोरगा त्यांना विचारत होता, “काका, मीटरचं काम कुठं केलं होतं?”

घरी येऊन वडिलांनी फाईल काढली. प्रत्येक सर्व्हिसचं जॉबकार्ड तारखेप्रमाणे लावलेलं. ऑक्टोबर २०१८ च्या कार्डावर निळ्या पेनाने स्वच्छ १६,८४० लिहिलंय. कॉम्प्युटरवर उतरवताना कोणीतरी ६१,८४० टाकलं. त्याआधी एप्रिलला नोंद १२,९००, पुढच्या एप्रिलला २०,४००. रिपोर्ट खरा मानायचा तर मधल्या सहा महिन्यांत जवळजवळ ४९ हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. म्हणजे रोज कोल्हापूरहून पुणे गाठायचं आणि वर आणखी तीस-चाळीस किलोमीटर. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तर पाचवीतल्या पोराला चूक कळेल. पण रिपोर्टमध्ये आकडे दिलेलेच नाहीत, फक्त लाल शेरा आहे.

सर्व्हिस सेंटर म्हणतं जुनी नोंद लॉक झाली. रिपोर्टवाले म्हणतात माहिती आमच्याकडे बाहेरून येते. मग दुरुस्त करणार कोण? माझं मत स्पष्ट आहे. ज्या नोंदीवर मालकाला हरकत घेता येत नाही, त्या नोंदीवर त्याच्या गाडीची किंमत ठरवू नये.

उद्यमनगर_जुन्या_गाड्या
तुमच्या वडिलांवर माझा विश्वास बसतो, तरी तुमचं मत मला मान्य नाही. चौदा वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगतो.

मीटर मागे घेणं हा काही अपवाद राहिलेला नाही. गेल्या वर्षी माझ्या दारात एक डिझेल सेडान आली. मीटर ६२ हजार, रंग चकचकीत, सीटला नवी कव्हरं. मी खाली वाकून पेडल बघितले. क्लचचं रबर पार गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलचा उजवा कोपरा झिजून आतलं लोखंड दिसत होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली. ६२ हजारांत असं होत नाही. रिपोर्ट काढला तर तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला १ लाख ४८ हजारांची नोंद. तो रिपोर्ट नसता तर मला संशय आला असता, पण समोरच्याला तोंडावर सांगायला हातात काही नसतं.

आणि तुम्ही कागदाची फाईल म्हणता. हातानं लिहिलेली जॉबकार्डं मी कोरी बघितली आहेत, हवा तो आकडा भरायला ठेवलेली. कुणाची फाईल खरी आणि कुणाची बनवलेली, हे मी कसं ठरवायचं?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. उद्या मी तुमची गाडी ३ लाख ४० ला घेतली तरी पुढचं गिऱ्हाईक तोच नंबर त्याच्या मोबाईलवर टाकणार. त्याला तोच लाल शेरा दिसणार. मी शपथ घेऊन सांगितलं तरी तो उठून जाणार. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की माझे पैसे अडकले. किंमत मी पाडत नाही, तो शेरा पाडतो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
तुम्ही स्वतः पेडल बघितले, सीट बघितली आणि मग रिपोर्ट काढला. शोरूमवाल्याने आमचे पेडल बघितलेच नाहीत, रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागतात. माझा राग त्या क्रमावर आहे.

शिरोळची_लेक
मी उलट्या बाजूने पोळले आहे. २०२२ मध्ये सेकंडहँड गाडी घेतली. रिपोर्ट एकदम स्वच्छ, अपघात नाही, क्लेम नाही. भावाने विचारलं तेव्हा तोच दाखवून गप्प केलं त्याला.

पहिल्या पावसाळ्यात काचा वर-खाली व्हायच्या बंद झाल्या. मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा. आमच्या गावच्या मिस्त्रींनी मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. साधारण दीड हात बेल्ट बाहेर आल्यावर आडवी तपकिरी रेघ, आणि तिच्या पलीकडे पट्टा कडक, वाळलेल्या गाळाचा. सीटखालच्या रुळांना गंज. स्टेपनीच्या खड्ड्यातलं फेल्ट उचललं तर खाली बारीक माती. २०२१ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती.

रिपोर्टमध्ये ते आलं का नाही? कारण आधीच्या मालकाचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. क्लेमच होऊ शकत नव्हता, त्याने बाहेर रोख पैसे देऊन काम करून घेतलं. जिथे बिल नाही तिथे नोंद नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ आहे. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, चिखली, आंबेवाडी, आमचा शिरोळ तालुका, किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलं. त्या भंगारात गेल्या नाहीत, त्या आज कुठेतरी धावताहेत. म्हणून मी म्हणते, असा रिपोर्ट नसलेलाच बरा. नसता तर मी गाडी नीट बघितली असती.

उद्यमनगर_जुन्या_गाड्या
ताई, तुमचं नुकसान खरं आहे. पण रिपोर्ट बंद केले तर मीटरवाल्यांना रान मोकळं मिळेल. त्यात आणखी माहिती यायला हवी.

कागद_आधी_वाचा
मी विम्याच्या सर्व्हेचं काम करतो. दोन्हीकडचा एक गैरसमज दूर करतो. आरटीओच्या नोंदीत, म्हणजे वाहन पोर्टल किंवा एम-परिवहनवर, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा हे दिसतं. अपघात, पूर, किलोमीटर यातलं काही दिसत नाही. त्यामुळे ‘आरटीओत बघितलं, गाडी क्लीन आहे’ या वाक्याला अर्थ नाही.

काही लोक पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस दाखवून सांगतात, पाच वर्षं क्लेम नाही. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकून नव्यावर तो नेता येतो. तेव्हा मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि त्या याच नंबरच्या आहेत का ते बघा.

टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेल्या गाड्यांचं मात्र मला मनापासून वाटतं, की त्यांची नोंद सरकारी पोर्टलवर सगळ्यांना दिसली पाहिजे. त्या लिलावात जातात आणि दुरुस्त होऊन परत विकल्या जातात. विकत घेणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नाही.

गंगावेस_कट्टा
भावा, एवढा काथ्याकूट कशाला? आपला मिस्त्री घेऊन जायचं, लिफ्टवर चढवून खालून बघायची. पोरीचं लग्न ठरवताना नुसता बायोडाटा बघून हो म्हणतोय व्हय कोण?

कागद_आधी_वाचा
घेणाऱ्याला हे बरोबर आहे. इथे प्रश्न विकणाऱ्याचा आहे. त्याने मिस्त्री नेला तरी शोरूमवाला मानणार नाही.

परत_आलेला
सात वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही तपासणी करावी लागते आणि त्या वेळी मीटरचा आकडा नोंदवतात. नंबर टाकला की सगळी वर्षं एकाखाली एक, कोणालाही, फुकट. शेरा कमी, आकडे जास्त.

चुका तिथेही होतात. पण मीटरचा आकडा चुकला असेल तर २८ दिवसांत त्याच केंद्राकडून दुरुस्त करून घेता येतो. त्यानंतर बिलासारखा पुरावा जोडून सरकारी खात्याकडे मागणी करायची. राजारामपुरीकरांच्या वडिलांची फाईल तिथे पुरावा ठरली असती.

आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी पंधरा वर्षांनी. पण पीयूसी तर दरवर्षी काढतोच. त्याच वेळी मीटरचा फोटो घेऊन तो आकडा पोर्टलवर खुला केला तर?

उद्यमनगर_जुन्या_गाड्या
कल्पना चांगली. पण गाडी न बघता पीयूसी मिळते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आधी ते थांबायला हवं.

कसबा_बावडा_वकील
विषयाला थोडं सोडून, पण सांगणं गरजेचं वाटतं. एक्स्चेंजला गाडी देताना कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सह्या करून येऊ नका. नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी ने आरटीओला कळवायची सोय आहे. ती पोच हातात घ्या, मगच किल्ली द्या.

मूळ प्रश्नावर: सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज द्या, जॉबकार्डाची प्रत जोडा, पोच घ्या. तोंडी बोलण्यावर कोणी काही करत नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
वकीलसाहेब, तसंच केलं. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मॅनेजरने लेटरहेडवर लिहून दिलं, की १६,८४० हे योग्य रीडिंग असून ६१,८४० ही टंकलेखनातली चूक आहे. खाली सही, शिक्का. रिपोर्टवाल्यांना ते पाठवून नऊ दिवस झाले, लाल शेरा अजून तसाच आहे.

उद्यमनगरवाले दादा, आता तुम्ही सांगा. हे पत्र, फाईल आणि गाडी तुमच्या दारात आणली तर किती द्याल?

उद्यमनगर_जुन्या_गाड्या
गाडी बघून बोलेन, पण तुम्ही म्हणता तशी असेल तर ३ लाख १० हजार. पत्र मी गिऱ्हाइकाला दाखवेन. तरी शेरा मोबाईलवर आहे तोवर तीस हजारांची जोखीम माझी आहे, ती मी धरणार. खोटं बोलून ४० म्हणणार नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
तुमचा आकडा वडिलांना सांगितला. माणूस सरळ आहे म्हणाले. पण तीस हजार सोडायला ते तयार नाहीत. नोंद दुरुस्त झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही असं त्यांनी ठरवलंय. आज सकाळी त्यांनी रिपोर्टवाल्यांना स्पीड पोस्टाने दुसरं पत्र पाठवलं, आणि पोस्टाची पावती त्याच फाईलमध्ये, २०१८ च्या जॉबकार्डाच्या मागे लावली.