कावीच्या रेघा इंकस्केपमध्ये: लहान केलं की चिकटतात, मोठं केलं की हरवतात

कावरेघ (डिचोली)

नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते. हातात ब्रश येऊन बावीस वर्षं झाली, पण संगणकावर चित्र काढायला लागून जेमतेम दीड महिना झालाय. इंकस्केप हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर वापरते.

आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात कावीची चित्रं आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते: चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा. खालचा पांढरा चुना उघडा पडतो, तीच रेघ. गेल्या उन्हाळ्यात दुरुस्ती निघाली तेव्हा डाव्या बाजूची भिंत खरवडून तिथे चकचकीत लाद्या बसवल्या. मला फार लागलं ते. उजवी भिंत अजून शाबूत आहे. तिच्यावरचं एकेक फूल उतरवून घ्यायचं मी ठरवलंय.

पहिलं फूल आठ पाकळ्यांचं, कर्कटकाने आखलेल्या वर्तुळात बसवलेलं. फोटोवर बेझिअर पेनने (वळणदार रेघा ओढायचं साधन) रेघा ओढल्या. चित्र २४ सेंटीमीटर रुंद. बाहेरचं वर्तुळ २ मिलिमीटर जाड, पाकळ्या दीड, आतल्या शिरा १ मिलिमीटर. तांबड्यावर पांढऱ्या रेघा, भिंतीवर आहेत तशाच. इथवर सगळं देखणं दिसत होतं.

मग कापडी पिशवीच्या कोपऱ्यासाठी तेच फूल ६ सेंटीमीटरवर आणलं, तर रेघा एकमेकींना चिकटून पांढरा गोळा झाला. चवथीच्या मखरामागे लावायला ९० सेंटीमीटरवर नेलं, तर रेघा दोऱ्यासारख्या दिसायला लागल्या. सगळं एकदम निवडून जाडीचा आकडा बदलला, तर वर्तुळ, पाकळ्या, शिरा सगळ्यांची जाडी एकच झाली. हे कसं सांभाळायचं?

आणखी एक खंत आहे. भिंतीवरच्या रेघेत हात दिसतो, सुरुवातीला दाब, मग हलकी होत जाते. माझी रेघ तारेसारखी दिसते.

छापखाना_म्हापसा

टीचर, तुमची पहिली अडचण एका बटणाची आहे. बाणाचं निवड-साधन घेतलं की वरच्या पट्टीत उजव्या टोकाला चार छोटी बटणं दिसतात. त्यातलं पहिलं, आकार बदलताना रेघेची जाडीही त्याच प्रमाणात बदलावी यासाठी. तुमच्याकडे ते बंद असणार. म्हणून दीड मिलिमीटरची रेघ ६ सेंटीमीटरच्या फुलातही दीडच राहिली आणि ९० सेंटीमीटरच्या फुलातही दीडच. चालू करा आणि पुन्हा करून बघा.

पण तेवढ्यावर थांबू नका. मी स्क्रीन प्रिंटिंग करतो, म्हणून सांगतो. बटण चालू केल्यावर २४ वरून ६ वर आलात, म्हणजे सगळं चौथाई. पाकळीची रेघ ०.३७५ मिलिमीटरवर येईल, शिरा ०.२५ वर. पडद्यावर सुरेख दिसेल, पण कापडावर येणार नाही. शाई सुताच्या धाग्यांत पसरते. तुमची रेघ शाईची असती तर पसरून थोडी जाड झाली असती आणि निभावलं असतं. पण कावीत रेघ म्हणजे शाई नसलेली जागा. दोन्ही बाजूंचा तांबडा रंग आत सरकतो आणि पांढरी फट बुजते. मी सुती पिशवीवर अशी पांढरी रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या खाली ठेवतच नाही.

म्हणून लहान केल्यानंतर सगळ्या रेघा निवडा, कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबा, स्ट्रोक स्टाइलमध्ये (रेघेची जाडी ठरवायची जागा) जा. जाडीच्या आकड्याशेजारी एककांची यादी आहे, तिथे मिलिमीटरऐवजी टक्के निवडा आणि २०० लिहा. प्रत्येक रेघ आपापल्या दुप्पट होते. वर्तुळ १, पाकळ्या ०.७५, शिरा ०.५. लहानमोठेपणा आहे त्याच प्रमाणात राहतो. सगळं निवडून मिलिमीटरमध्ये आकडा टाकला की सगळ्यांना तोच आकडा लागतो, तुमचं तेच झालं.

तरीही जवळजवळच्या दोन शिरांपैकी एक काढून टाकावी लागेल. पिशवीचं फूल आणि मखराचं फूल या दोन वेगळ्या फायली ठेवा.

आल्तिनो_स्केचबुक

मी पणजीत आल्तिनोला कला महाविद्यालयात शिकतो. तारेसारख्या रेघेबद्दल लिहितो, कारण मोरजीच्या मोरजाईच्या देवळातली कावी उतरवताना मलाही तेच जाणवलं होतं.

पाथ मेन्यूत पाथ इफेक्ट्स आहे, त्यात पॉवर स्ट्रोक जोडा. मग नोड साधन घेतलं की रेघेवर गुलाबी ठिपके दिसतात. ठिपका बाहेर ओढला की रेघ तिथे जाड, आत ढकलला की बारीक. कंट्रोल धरून ठिपक्यावर क्लिक केलं की नवा ठिपका मिळतो, कंट्रोल-ऑल्ट धरून क्लिक केलं की जातो. मूळ रेघ आत तशीच राहते, तिचं वळण नंतरही बदलता येतं. एक लक्षात ठेवा, यानंतर रेघेचा रंग स्ट्रोकमधून (रेघेचा रंग) नाही, फिलमधून (आत भरायचा रंग) बदलतो. मी त्यात अर्धा तास घालवला होता.

माझं मत असं की हे सगळ्या रेघांना करू नये. कर्कटकाने मारलेलं वर्तुळ भिंतीवरही एकसारखंच असतं, त्याला हात लावू नका. पाकळ्या आणि शिरा हाताच्या आहेत, तिथेच करा. एका रेघेला तीन ठिपके पुरतात. जास्त घातले की रेघ गाठाळ होते.

आणि पाकळीच्या टोकाला काटा बाहेर आला असेल तर जोड गोल करा: साध्या रेघेला स्ट्रोक स्टाइलमध्ये, पॉवर स्ट्रोक लावला असेल तर त्या इफेक्टच्याच सेटिंगमध्ये.

कावरेघ (डिचोली)

दोघांचेही आभार. काल रात्री बसून सगळं केलं. बटण बंदच होतं. टक्क्यांची गोष्ट मला कुणीच सांगितली नसती.

पॉवर स्ट्रोक लावलेली पहिली पाकळी पाहिली आणि उठून घरात सगळ्यांना दाखवून आले. खालून वर निमुळती होणारी तीच रेघ. वर्तुळ मात्र होतं तसंच ठेवलं, ते सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी त्यालाही केलं असतं.

मखरासाठी व्हिनाइल कापून देणाऱ्याकडे फाईल दिली, तर यंत्राने वर्तुळाच्या रेघेच्या मधोमध एकच चीर मारली. तांबडा तुकडा वाया गेला. असं का?

छापखाना_म्हापसा

कापणारं यंत्र जाडी बघतच नाही, पात्याला फक्त मधली वाट दिसते. आधी फाईलची एक प्रत बाजूला ठेवा. मग प्रतीत साध्या रेघा निवडून पाथ मेन्यूतलं स्ट्रोक टू पाथ करा. रेघेचा खराखुरा आकार होतो, दोन कडांचा. पॉवर स्ट्रोकवाल्या रेघांना ऑब्जेक्ट टू पाथ. ग्रुप झाले असतील तर सोडवा, सगळ्यांचं युनियन करा, म्हणजे जोडून एकच आकार. शेवटी खालचा तांबडा आकार आणि वरची ही पांढरी जाळी दोन्ही निवडून डिफरन्स. तांबड्यातून रेघा खरोखर कोरल्या जातात. यानंतर जाडीचा आकडा बदलता येत नाही, म्हणून प्रत.

पिशव्यांपैकी आधी एकच छापून दाखवतो, मग बाकीच्या.

कावरेघ (डिचोली)

तुम्ही "कोरल्या जातात" लिहिलंत आणि मला भिंत आठवली. देव बरें करूं.

रविवारी पुन्हा देवळात जाते. फुलाशेजारच्या मोराचा फोटो तिरका आलाय. या वेळी भिंतीला मोजपट्टी टेकवून काढीन, म्हणजे पिसाऱ्याची रेघ किती मिलिमीटरची होती ते अंदाजाने लिहावं लागणार नाही.