लूप मारताना विंग दुमडली, कार्बन रॉड असूनही. काऊन?

हिंगण्याचा_पायलट

नमस्कार मंडळी. हे माझं तिसरं रिमोटवर उडणारं विमान. पहिली दोन शिकण्यात गेली त्याचं काही वाटलं नाही, पण हे मन लावून बनवलं होतं आणि रविवारी अकराव्या फ्लाइटला हवेतच मोडलं. ५ मिमी फोमबोर्डचं आहे, हाय विंग, स्पॅन (टोकापासून टोकापर्यंत) १२० सेंमी, कॉर्ड (विंगची पुढून मागे रुंदी) २० सेंमी. विंग एकाच शीटला दुमडून केलेली, म्हणजे आतून पोकळ, सगळ्यात जाड जागी २५ मिमी. मोटर २२१२ ची १४०० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला १४०० फेरे), ८ इंची प्रॉप, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३ सेल २२०० ची बॅटरी. सगळं धरून ९८० ग्रॅम, आईच्या काट्यावर मोजलंय.

झालं असं की चांगली उंची घेतली, थोडा डाइव्ह दिला आणि लूपसाठी, म्हणजे हवेतल्या उभ्या कोलांटीसाठी, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) पूर्ण ओढला. नाक वर उचललं न उचललं तोच कडकन आवाज आला, डावी विंग टाळी वाजवल्यासारखी वर गेली आणि बाकीचं विमान गोल गोल फिरत पऱ्हाटीत. अर्धा तास शोधत होतो, शेवटी ट्रान्समिटर बंद केला तेव्हा ईएससी टीं टीं करायला लागला, त्या आवाजावर सापडलं.

आता जे मला समजून नाही राहिलं ते हे, की ४ मिमीचा कार्बन रॉड टाकला होता, ४० सेंमी लांब, मधोमध, आतून खालच्या शीटला ग्लू गनने चिकटवलेला, आणि त्या रॉडला ओरखडाही नाही! विंग बॉडीपाशी तुटलीच नाही. मधापासून बरोबर २० सेंमीवर तुटली. वरच्या कागदावर तिथे बारीक बारीक सुरकुत्या आहेत, सुकलेल्या संत्र्याच्या सालीसारख्या, आणि खालचा कागद सरळ रेषेत फाटलाय. एक मित्र म्हणतो फोमच कच्चा, दुसरा म्हणतो ८ मिमीचा रॉड टाक, तिसरा म्हणतो पूर्ण विंगला ब्राऊन टेप गुंडाळ. कोणाचं ऐकू? खर्च जास्त झेपणार नाही, मागच्या महिन्यात नवीन बॅटरी घेतली त्यातच सगळं संपलं.

महालचा_मांजा

अबे भाऊ, उत्तर तं तूच लिहून ठेवलं ना! रॉड ४० चा, म्हणजे मधातून इकडं २० तिकडं २०, अन् तुटलं कुठं तं विसावर. रॉड जिथं संपला तिथं तू स्वतःच्या हातानं घडी पाडून ठेवली. आतली बाजू दगड, बाहेरची बाजू कागद, मंग वाकाचं तं कोणी वाकाचं? आता ८ मिमीचा टाकशील तं आणखीनच तिथंच तुटन.

पतंग हातात घेऊन कमान पाय कधी. मधात जाड असते अन् दोन्ही टोकाकडं तासत तासत बारीक केली असते. म्हणून तं ती सगळीकडून सारखी वाकते, एका जागी कडकन मोडत नाही. विंगलेबी तसंच पाह्यजे. कार्बनचे पैसे नसन तं बांबूची कामटी घे, संक्रांतीनंतर आमच्या इकडं चिक्कार पडल्या राहतात. फक्त बांबूच्या पाठीकडची, म्हणजे सालीकडची बाजू घेजो, सगळा दम तिथंच राहते, आतला पांढरा भाग भुसकट असते. गाठी घासून सपाट कर. अन् दोन्ही कामट्या एकाच बांबूच्या घेजो, नाही तं एक विंग कडक अन् एक लेची होईन अन् विमान एकीकडं वळत राहीन, मंग इथं येऊन पुन्हा विचारशील काऊन वळते म्हणून.

फोमवाली_ताई

मांजाभाऊंचं बरोबर आहे, पण मला आधी ते ९८० ग्रॅम खटकलं. एवढ्याच मापाचं माझं विमान याच बॅटरीवर ७२० मध्ये बसलंय. तुझे अडीचशे ग्रॅम गेले कुठे ते शोध बरं. ग्लू गन किती कांड्या लागल्या? नवीन मुलं हमखास सांध्यावर ग्लूचा डोंगर करतात, आणि एवढं करून आपल्याकडच्या उन्हात तो ग्लू मऊ पडतो. मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेल्या विमानाची शेपटी गळून पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे (माझीच होती).

दुसरं, शीट नक्की कुठली आहे? नागपुरात सीताबर्डीवर मागितलं तर दोन वेगळ्या वस्तूंना सनबोर्डच म्हणतात. एक दुकानाच्या पाट्या करतात ते पीव्हीसीचं, घट्ट आणि भलतंच जड. दुसरं आत फोम आणि दोन्हीकडून कागद. तुझा कागद फाटला म्हणतोस म्हणजे दुसरंच असणार, पण शेपटीला किंवा बॉडीला पहिलं लावलं असशील तर तिथेच तुझं वजन सापडलं. शेपटीतलं वजन तर दुप्पट-तिप्पट महाग पडतं, कारण सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, जागेवर आणायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकावं लागतं. तुझ्या कॉर्डला सीजी पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर यायला हवा, तेवढं तपासच.

टेपचं सांगते. टेप म्हणजे दोरी, ओढली तर धरते, ढकलली तर गोळा होते. लूपमध्ये विंग वर वाकते तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. म्हणून खालून काचेच्या धाग्यांची टेप असते ना, जड खोक्यांना लावतात ती, तिची एक पट्टी टोकापासून टोकापर्यंत लावलीस तर खरंच उपयोग आहे. वरून कितीही गुंडाळ, काही फायदा नाही, फक्त वजन. त्या सुरकुत्या आहेत ना तुझ्या, तीच वरची बाजू आधी दबून गोळा झाली आणि मग बाकीचं फाटलं.

आणि मोडायच्या आधी भर्रर्र असा आवाज आला होता का? आला असेल तर एलेरॉन (विंगच्या मागच्या हलत्या पट्ट्या) फडफडत होते, मग गोष्ट वेगळी आहे, आधी बिजागरीची टेप आणि त्या हलवणाऱ्या सर्व्होच्या तारेचा ढिलेपणा बघ.

हिंगण्याचा_पायलट

ताई, भर्रर्र नाही आलं, डायरेक्ट कडक. शीट कागदवालीच आहे पण शेपटीला खरंच पाटीवाल्याकडचा उरलेला तुकडा लावलाय, फुकट मिळाला होता 🙈 आणि ग्लूच्या कांड्या... नऊ.

निवृत्त_फिटर

नऊ कांड्या! बेटा, विमान चिकटवलं की प्लास्टर केलं?

आकडे मांडून बघू, म्हणजे अंदाजाने रॉड जाड करत बसायला नको. ९८० ग्रॅम आणि तुझं पंखाचं क्षेत्रफळ, यावरून विमान ताशी २८ किलोमीटरच्या आसपास स्टॉल व्हायला हवं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख वजन पेलत नाहीत. स्टॉलच्या दुप्पट वेगात एलिव्हेटर पूर्ण ओढला तर पंखावर वजनाच्या चौपट भार येतो, वेग दुप्पट तर भार चौपट, हा सरळ हिशोब आहे. डाइव्हमध्ये ५५ चा वेग सहज येतो. म्हणजे तुझ्या पंखांनी जवळपास ४ किलो उचललं, एका बाजूला २ किलो. तो भार मधापासून २८ सेंमीवर एकवटलाय असं धर, म्हणजे मधात वाकवणारा जोर ५५ किलो-सेंमी. २० सेंमीवर त्यातला साधारण ४५ टक्के जोर शिल्लक असतो, आणि तिथे तुझ्याकडे नुसता कागद होता.

आता मुख्य गोष्ट. हा जोर वरच्या आणि खालच्या पट्टीत वाटला जातो, आणि दोन पट्ट्यांत अंतर जेवढं जास्त तेवढा प्रत्येकीवर ताण कमी. पंख २५ मिमी जाड, पण शीट वरून ५ आणि खालून ५, म्हणजे आतून पट्ट्या लावल्या तर त्यांच्यात जेमतेम दीड सेंमी उरतं आणि एकेकीवर ३५-४० किलो येतात. त्याच पट्ट्या बाहेरून, फोममध्ये खाच पाडून बसवल्या तर २५ किलोच्या आत काम भागतं. सामान तेच, फक्त जागा बदलली. तुझा रॉड आत होता, खाली होता, आणि वर त्याला जोडीदारच नव्हता.

तर वरून एक कामटी, खालून एक कामटी, ३ मिमी जाड, मधात ५ मिमी रुंद आणि टोकाकडे २ पर्यंत तासलेली, लांबी १ मीटर. दोघींच्या मधे पोकळीत फोमची उभी पट्टी सलग चिकटव, नाहीतर वाकताना वरची-खालची एकमेकींकडे येतात आणि सगळा हिशोब कोसळतो. मुलं ही उभी पट्टीच विसरतात. लाकडाला साधं फेव्हिकॉल चालेल कारण खाच उघडी असते, वाळतं. पण दोन शीटच्या मधे फेव्हिकॉल लावलंस तर हवा लागत नाही, दोन दिवसांनीही ओलंच सापडेल. आणि सुपरग्लू उघड्या फोमला लावू नकोस, फोम खाऊन टाकतो. कार्बन कापायचा झाला तर नाकाला रुमाल आणि रॉड ओला करून काप, ती काळी पूड छातीत जायला नको.

उडवायच्या आधी घरीच परीक्षा घे. दोन खुर्च्यांच्या पाठीवर पंखांची टोकं टेकव, विमान सरळ, आणि मधात बरोबर पंखाखाली १ किलो तूरडाळीचं पाकीट बांध. टेका थेट टोकांना असल्यामुळे मधातला जोर हवेतल्या चौपट भाराएवढाच येतो, टोकाकडे तर त्याहून जास्त. इथे टिकलं तर हवेत टिकेल. खाली उशी ठेव.

महालचा_मांजा

काका, डाळ काऊन? रेती ठेवा ना, डाळीचा भाव पाह्यला का 😄

हिंगण्याचा_पायलट

काल रात्री झालं, म्हणून आज लिहून राहिलो. नवीन विंग केली, कामट्या बाहेरून, उभी पट्टी टाकली, खालून धाग्यांची टेप. शेपटी कागदवाल्या शीटची केली तर नाकात जे नटबोल्ट भरले होते ते निघाले. एकूण ७९० ग्रॅम! कामट्या दोन्ही मिळून फक्त १७ ग्रॅम.

काका, डाळीची परीक्षा पण घेतली. १ किलोला मधात बोटभर खाली आलं, आवाज नाही. मग हाव सुटली आणि अर्धा किलो साखर अजून लटकवली, तेव्हा करकर असा बारीक आवाज आला, लगेच काढून घेतली. वरची कामटी डाव्या बाजूला गाठीपाशी खाचेतून किंचित उचलली गेली आहे, नख घालता येईल एवढी. तशीच उडवू का चिकटवू?

निवृत्त_फिटर

चिकटव. खाचेतून सुटली की ती कामटी दाब घेत नाही, बाहेरच्या बाजूला फुगते आणि मोडते. गाठ नीट घासलेली नसणार. थोडं फेव्हिकॉल भर, वरून कागदी टेप, रात्रभर पुस्तकांखाली ठेव.

फोमवाली_ताई

आणि जागा बदल शक्यतो. तुझा पत्ता माहीत नाही, पण हिंगण्याकडून सोनेगावचं विमानतळ काही लांब नाही आणि २५० ग्रॅमच्या वरचं काही ड्रोनच्या नियमांतल्या सगळ्यात हलक्या, नॅनो वर्गात बसत नाही. सरकारच्या ड्रोन-नकाशावर (डिजिटल स्काय) तुझं शेत कुठल्या रंगात येतं, म्हणजे तिथे उडवता येतं का, ते पाहून घे, मग उडव. पहिल्या फ्लाइटला लूप नको, नुसत्या चकरा मार.

महालचा_मांजा

शनिवारी सकाळी ६ ले उडवजो, ८ नंतर हवा सुटते. मले बोलाव, कामटी माह्या सल्ल्याची हाय.